ऐकलंत का, मुलांना म्हणे अभ्यासात मजा येते!

अहो, या, बसा. आधी ते दार लोटून घ्या. बातमी तशी फुटलेलीच आहे, पण आपल्या तोंडून फुटायला नको. आमच्या इमारतीतली मुलं हल्ली हसत हसत अभ्यास करतात. होय, हसत हसत! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शपथेवर सांगतात, "मी पाणी द्यायच्या निमित्तानं दोनदा आत डोकावले. पुढ्यात पुस्तकच होतं हो! मोबाइल होता, पण त्यातसुद्धा कुणीतरी अभ्यासच करत बसलं होतं." एवढं सांगून त्यांनी कपाळाला हात लावला.

आता तुम्हीच सांगा, हे शोभतं का? आपल्याकडे अभ्यास म्हणजे केवढी गंभीर बाब. घरात दहावी आली की केबल बंद, पाहुण्यांना 'मार्चनंतर या' असा निरोप, आणि मुलाच्या चेहऱ्यावर सुतकी कळा दिसली नाही तर आईच्या जिवाला घोर. कुणी विचारलं, "काय, अभ्यास चाललाय ना?" तर "चाललाय आपला कसाबसा" हेच उत्तर द्यायचं, असा दंडक होता. आदर्शही ठरलेले. एक रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणारा, दुसरा माधुकरी मागून शिकलेला, आणि तिसरा झोप येऊ नये म्हणून शेंडी खुंटीला बांधून बसणारा. डुलकी लागली की डोक्याला हिसका, की पुन्हा श्लोक सुरू. अशा तालेवार परंपरेतली आपण माणसं. आणि ही पोरं म्हणतात, अभ्यास 'एंजॉय' करायचा असतो. रस्त्यावरचा दिवा गेला आणि त्या जागी रिंग लाइट आला!

पहिली भानगड तिसऱ्या मजल्यावरची. तिथली मुलगी यंदा दहावीला. मी साखर मागायला गेले होते, म्हणजे निमित्त साखरेचं. पाहते तर टेबलावर दिव्यांची माळ! दिवाळीला चार महिने अवकाश, पण ही माळ दिवाळीची नव्हेच, अभ्यासाची. तिच्या उजेडात हायलायटर मांडून ठेवलेले. आपले ते डोळ्यांत खुपणारे पोपटी नव्हेत हं. जपानच्या झेब्रा कंपनीचे माइल्डलायनर म्हणून मिळतात, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, आणि रंग असे फिकट की नाव घ्यायची चोरी. मी आपली म्हटलं, "गुलाबी छान आहे गं." तर म्हणते, "काकू, तो कोरल आहे." ऐकून घेतलं. करता काय?

वही उघडी होती. पानावर 'प्रकाशाचे अपवर्तन' असं शीर्षक, ब्रश पेननं काढलेलं. प्रत्येक अक्षराला सावली, सावलीला पुन्हा किनार. खाली पाण्याच्या ग्लासात मोडल्यासारखी दिसणारी पेन्सिल, आणि त्या ग्लासाला, खोटं सांगत नाही, दोन डोळे आणि लाजरं हसू. मी टेकले, चहा झाला, दोन घरांची खबरबात झाली, साखरेची वाटीसुद्धा हातात आली, तेव्हा कुठे 'न'ची सावली पुरी झाली. मी विचारलं, "मग, प्रकाश नक्की वाकतो का गं?" तर शांतपणे म्हणाली, "ते उद्याच्या प्लॅनमध्ये आहे." आईनं तेवढ्यात पानाचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मामी, मावश्या, सगळ्यांचे अंगठे आले. अपवर्तनाचा नियम मात्र पुस्तकात होता तिथेच, मिटलेल्या पानांत, अगदी सुखरूप.

पूर्वी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये आया मुलांना ओढत न्यायच्या. दोनशे पानी वह्या, खाकी कव्हर, नावाची लेबलं, आणि गाईड घेऊन पोरगं रडत घरी. आता मुलं आयांना ओढत नेतात, आणि त्याला जून लागत नाही. चिकटवायच्या चिठ्ठ्या, ठिपक्यांच्या वह्या, आठवड्याचा प्लॅनर, महिन्याचा प्लॅनर, आणि कोणता प्लॅनर कधी भरायचा याचा एक प्लॅनर. सरंजाम असा की मुंज असावी, आणि मुंजीसारखाच भिक्षावळीचा भार आईबापांवर.

टोमॅटोचं प्रकरण तर तुमच्या कानावर आलंच असेल. नाही? अहो, जगभर गाजलंय! फ्रान्सेस्को चिरिलो नावाचा इटलीतला एक विद्यार्थी. १९८०च्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा यानं टोमॅटोच्या आकाराचा एक स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की जरा मोठी सुट्टी. झालं! त्याचं पोमोदोरो तंत्र झालं, पुस्तकं निघाली, ॲपं निघाली. इथे कुकरच्या शिट्ट्या मोजत पिढ्यान्‌पिढ्या आयांनी अख्खे संसार वेळेत उरकले, त्याला मेलं कुणी तंत्र म्हटलं नाही.

बरं, टायमर लावायचा तर साधा लावतील? समोरच्या घरातल्या मुलाच्या फोनमध्ये फॉरेस्ट नावाचं ॲप आहे. तैवानच्या कंपनीनं २०१४मध्ये काढलेलं. फोनला हात लावला नाही तर पडद्यावर रोप वाढतं, मध्येच दुसरीकडे गेलात की वाळून जातं. त्याच्या फोनमध्ये आता घनदाट अरण्य माजलंय. आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घाल म्हटलं की, "आई, माझं सेशन चालू आहे." तुळस गेली हो बिचारी. सेशन चालूच आहे.

सगळ्यात खमंग भाग तर पुढेच आहे. ही मुलं एकेकटी अभ्यास करतच नाहीत. दक्षिण कोरियात आधी स्वतःचं जेवण कॅमेऱ्यापुढे दाखवायची टूम निघाली, मग स्वतःचा अभ्यास दाखवायची. 'स्टडी विथ मी' म्हणतात. एखादी मुलगी तासन्‌तास खाली मान घालून लिहीत असते, एक अक्षर बोलत नाही, आणि इकडे हजारो जण तिच्यासोबत आपापलं लिहीत बसतात. वहिनींनी डोकावून पाहिलं ते हेच. "अहो, ती काही शिकवत नाही, समजावत नाही, वर बघतसुद्धा नाही. हिला दिसतं ते काय?" असा त्यांचा रास्त सवाल. मी म्हटलं, वहिनी, आपण दळण करायला, पापड लाटायला एकमेकींकडे जात होतो, ते काय पापड कळत नव्हते म्हणून?

आणि ती हेडफोनवाली! फ्रान्समधल्या एका यूट्यूब चॅनेलवर लोफाय नावाचं संथ, गुणगुणतं संगीत चोवीस तास चालतं. चित्रात एक मुलगी खिडकीशी बसून लिहिते आहे, मांजर बाहेर बघतंय. चित्र हुआन पाब्लो माचादो या कोलंबियन चित्रकाराचं. फेब्रुवारी २०२०मध्ये ते प्रक्षेपण १३,०००हून अधिक तास अखंड चालून यूट्यूबच्या चुकीनं बंद पडलं. पुन्हा जुलै २०२२मध्ये कुणीतरी कॉपीराइटची खोटी तक्रार केली आणि पुन्हा बंद. दोन्ही वेळा जगभरच्या पोरांनी घरातलं माणूस गेल्यासारखा आकांत मांडला. आमच्याकडच्या एका आजोबांना हे सांगितलं, तर त्यांना भलतीच काळजी. म्हणाले, "एवढी वर्षं अभ्यास करतेय, एकाही परीक्षेला बसली नाही?" मी म्हटलं, आजोबा, पुण्याच्या नव्या पेठेत स्पर्धा परीक्षावाली पोरं बसतात, तिथे जाऊन हे मोठ्यानं बोलू नका.

आपल्या पिढीनं मात्र नाकं मुरडू नयेत. संगीताची हौस आपणही केली आहे, आणि तीही पोटातल्या मुलांवर! १९९३मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख आला. ३६ कॉलेजवयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारखी कोडी त्यांना जरा बरी सुटली, आणि तो परिणामही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढीशी गोष्ट. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी, झेल मिलर यांनी, १९९८मध्ये प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! राईचा पर्वत म्हणतात तो असा. आपल्याकडेही त्या सुमारास कोणत्या घरात कसल्या सीडी पोटाशी धरून ऐकल्या गेल्या, ते मला ठाऊक आहे. ती बाळं पुढे इंजिनिअरिंगला एटीकेटीवर होती. नावं घेत नाही.

बरं, हे खूळ फक्त पुण्या-मुंबईतल्या सुखवस्तू घरांतच आहे असं समजू नका. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२मध्ये त्या गावानं काय ठरवलं असेल? संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की अख्ख्या गावानं दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, आणि मुलांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. अहो, सात ते साडेआठ! ऐन मालिकांची वेळ! सासूनं कपाटातून कोणता कागद काढला ते कळायच्या आत भोंगा. गावातल्या बायाबापड्यांनी हा त्याग केला, तेव्हा मला खरंच भरून आलं. आणि 'स्टडी विथ मी' म्हणतात ते याहून वेगळं काय? फक्त इथे कॅमेरा नाही, गाव आहे.

वरळीची अभ्यास गल्ली तर त्याहून जुनी. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसं, मग पोरांनी वाचायचं कुठे? तर शेजारच्या शांत रस्त्यावर, दिव्यांखाली. पिढ्या तिथे शिकल्या. आता पालिकेनं तो रस्ता नटवलाय. म्हणजे बघा, मुलांना सोबत लागते, ठरलेली वेळ लागते, फोन नजरेआड लागतो, हे चाळीला आणि वडगावला कळलं. तेवढ्यापुरतं टोमॅटोवाल्याचं, झाडवाल्यांचं आणि त्या मुक्या मुलीचं काही चुकलेलं नाही. बूड टेकवायला ही सगळी मंडळी मदत करतात. आणि अभ्यासात निम्मी लढाई बूड टेकवण्याची असते, हे मलाही मान्य.

पण उरलेली निम्मी? खरी भानगड तिथेच आहे.

नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत माझा भाचा बसतो. स्पर्धा परीक्षा. परभणीहून आलाय. प्लायवुडचे आडोसे, प्रत्येकाला एक कप्पा, एसीचा दर वेगळा, बिनएसीचा वेगळा. जागा धरायला खुर्चीवर रुमाल. समोर चिकटवलेला कागद, 'भावी उपजिल्हाधिकारी'. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा त्याचं लक्ष्मीकांतांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक चाळलं. अख्खं पान पिवळं! मधली एक ओळ तेवढी पांढरी राहिली होती, ती उठून दिसत होती. मी म्हटलं, "अरे, ज्याला रंग लावला नाही तेच लक्षात राहील की." तो हसला, पण त्याला चौथ्यांदा वाचलेला धडा सांगता येईना. वाचताना मात्र सगळं येत असतं, म्हणे.

तर याच दुखण्यावर दोघांनी बोट ठेवलंय. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, २००६ साल. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा, आणि मग कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली. दोनदा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, एकदा वाचून लिहिलेलं ७५ टक्के. वाचणारे खूश! पण आठवडा गेला आणि पारडं फिरलं. दोनदा वाचलेलं उरलं ४२ टक्के, आणि एकदा वाचून स्वतःलाच विचारलेलं ५६ टक्के. वर आणखी एक गंमत. त्यांच्याच पुढच्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना 'आपल्या जास्त लक्षात राहणार' अशी खात्री वाटत होती. आमच्या भाच्यासारखीच.

हायलायटरची अब्रू तर २०१३मध्ये चव्हाट्यावर आली. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन, रंग मारणं, पुन्हा पुन्हा वाचणं, हे सगळं खालच्या रांगेत. वरच्या रांगेत दोनच. एक, न बघता स्वतःची परीक्षा घेणं. दुसरी, एकाच बैठकीत न रेटता दिवसांचं अंतर ठेवून तेच पुन्हा काढणं. अंतराची ही गोष्ट एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थानं १८८५मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडली होती. निरर्थक अक्षरं पाठ करायची, विसरायची, पुन्हा पाठ करायची. केवढी ती चिकाटी, आणि केवढं ते घरातल्यांचं नशीब!

म्हणजे पाहा, तोंडघशी सगळेच पडले. माळवाल्या पोरी पडल्या, कारण नटवलेलं पान लक्षात राहतंच असं नाही. आणि आपणही पडलो, कारण शेंडी बांधून रात्रभर त्याच ओळींवरून डोळे फिरवले, तरी तेही वाचनच. सुतकी चेहऱ्याला गुण नाहीत. आपण कष्ट म्हणून ज्याची पूजा केली, त्यातलं बरंच नुसतं जागरण होतं.

आपल्या वाडवडिलांचं साधलं ते वेगळ्याच ठिकाणी. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, पुस्तक न बघता, खणखणीत आवाजात. आणि त्याहून मोठी यंत्रणा म्हणजे आत्या. लग्नाच्या पंगतीत, जिलबी तोंडाशी नेलेली असताना, "काय रे, सतरा नवे किती?" चारचौघांत! १५३ सांगता आलं नाही तर जिलबी गोड लागायची नाही. तीच आत्या पुढच्या मुंजीत पुन्हा भेटायची आणि पुन्हा विचारायची. अंतर ठेवून, न बघता, अचानक. मानसशास्त्राची पदवी नसताना! लातूर पॅटर्नचा एवढा डंका पिटला गेला, त्याच्या पोटातही मुख्य काय होतं? सराव परीक्षा, आणि मग आणखी सराव परीक्षा.

आता म्हणाल, म्हणजे मजा गेलीच की. पुन्हा आत्याच आणायची? थांबा. इतका वेळ आपण काय करतोय, ते बघा जरा.

मला सांगा, शेजारचं एखादं लग्न मोडलं, तर ते कुणी वहीत लिहून त्यावर कोरल रंग मारतं का? चार वेळा वाचतं का? तरी कुणाचा कोण, किती तोळे ठरले होते, कोणत्या बैठकीत कोण उठून गेलं, हे सगळं वर्षानुवर्षं तोंडपाठ. का? कारण ते आपण सांगतो. न बघता सांगतो. आज हिला, परवा तिला, महिन्यानं माहेरी. ऐकणारी मध्येच अडवते, "थांब थांब, पण तो तर नाशिकचा ना?" आपण अडखळतो, आठवतो, सावरतो, आणि ते आणखी पक्कं होतं. चर्चा हीच आपली सराव परीक्षा, आणि ती देताना आजवर कुणाचा चेहरा सुतकी झालेला मी पाहिला नाही.

पुरावा हवा? भाच्याला लक्ष्मीकांत आठवत नव्हते, पण अभ्यासिकेखालच्या चहाच्या गाडीवर त्याला आणि त्याच्या मित्रांना मी ऐकलंय. विषय, पहाटेचा शपथविधी. १२ नोव्हेंबर २०१९ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली, कलम ३५६. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली, आणि लोकांचा पहिला चहा व्हायच्या आत राजभवनात मुख्यमंत्र्यांची शपथ झाली. एक म्हणतो, "पण मंत्रिमंडळाची बैठक झाल्याशिवाय राजवट उठवली कशी?" दुसरा लगेच, "नियम १२! केंद्राच्या कामकाज नियमांतला. पंतप्रधान बैठकीविना निर्णय घेऊ शकतात, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून." तिसरा, "आणि २६ तारखेला राजीनामा!" चौघांना कलमं, तारखा, नियमाचा आकडा, सगळं येत होतं. वर जाऊन पुन्हा पिवळी पानं. मी चहाच्या पैशांबरोबर एक सल्ला दिला. म्हटलं, बाळांनो, पाच मिनिटांची सुट्टी म्हणता ना, तोच तुमचा खरा अभ्यास आहे. वर जाता ते सुट्टीला.

तिसऱ्या मजल्यावरही मी हेच करून पाहिलं. पुन्हा साखर. मुलीला म्हटलं, "वही मीट. तो प्रकाश म्हणून कुणी आहे ना, त्याचं काय प्रकरण आहे ते सांग. मला काही माहीत नाही, असं समज." आधी लाजली. मग म्हणाली, "काकू, हवेत असतो ना, तेव्हा सुसाट धावतो. काचेत तिरका शिरला की स्तंभिकेकडे झुकतो."

मी हनुवटीला बोट लावलं. "अगं बाई! का झुकतो?"

गप्प. पुस्तक उघडायला गेली, मी हात धरला. "आधी आठव." बराच वेळ छताकडे पाहिलं, आणि एकदम, "वेग! काचेत वेग कमी होतो त्याचा. हवा विरल, काच घन. घनातून बाहेर पडताना उलट, स्तंभिकेपासून लांब जातो!"

"आणि सरळच शिरला तर?"

"मग...?" इथे मात्र गाडं अडलं. आता पुस्तक उघडलं, बोट ठेवून शोधलं. लंबरूप शिरला तर वेग बदलतो, पण दिशा बदलत नाही. "म्हणजे सरळमार्गी असला की वाकत नाही!" म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. दिव्यांच्या माळेखाली तिला असं हसताना मी प्रथमच पाहिलं. हे हसू ग्लासाच्या चित्रातलं नव्हतं. आपल्याला येतंय, हे आत्ता कळलं, त्याचं होतं.

पुस्तक उघडायला लावलं, ते मात्र महत्त्वाचं हं. नुसत्या चर्चेचा धोका आपल्याला ठाऊक आहेच. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही कुजबूज तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राला पाठ. इतिहासकार त्या गोष्टीकडे संशयानं बघतात, पण ते ऐकतो कोण? फोडणी एकदा बसली की निघत नाही. म्हणून चर्चा झाली की पुस्तकाशी ताडून घ्यायची. आधी सांगायचं, मग तपासायचं, चुकलं ते पुढच्या वेळी नीट सांगायचं. पुस्तक उघडं ठेवून सांगितलं तर ती चर्चा नव्हे, वाचन. आणि ऐकणारं माणूस असं हवं, की ज्याला मध्ये मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. अशी माणसं आपल्याकडे कमी आहेत का?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. माळ राहू दे, टोमॅटो राहू दे, मांजरवाली पोरगीही राहू दे बापडी. मुलं त्यानं निदान बसतात. पण तासाभरानं कुणीतरी खोलीत जाऊन, साखर मागायला का होईना, "काय गं, काय भानगड आहे धड्यात?" असं विचारायला हवं. विचारून तिथेच टेकायला हवं. आईनं विचारलं की ती परीक्षा होते आणि पोरं बंड करतात. शेजारणीनं विचारलं की ती चौकशी होते, आणि चौकशीला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

सोसायटीच्या सभेत मी ठरावच मांडणार आहे. प्रत्येक मजल्यावर एक आगाऊ काकू नेमावी. मानधन नको, चहा पुरे. सचिव म्हणाले, "पण काकूंना विषय कळायला हवेत ना?" मी म्हटलं, काही नको. न कळणारी काकूच उत्तम. तिला समजेपर्यंत सांगायचं म्हणजे पोरांना दहादा समजून घ्यावं लागतं. सचिवांनी लगेच पाचव्या मजल्यासाठी आपल्या बायकोचं नाव सुचवलं. घराणेशाही! सभा अजून व्हायचीय, आणि उमेदवारी सुरू. त्याची एक वेगळीच कहाणी आहे, पण आता दूध उतू जायची वेळ झाली.

तुम्ही परवा याच. आणि परवा आलात की आजचं यातलं काही मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, मी मध्ये मध्ये अडवणार.